सव्वा महिन्याचं खोटं

माझ्या सुनेचं म्हणणं, दिवाळी अंकात काही गोड लिहा, लोक फराळ करता करता वाचतात. मी तिला म्हटलं, एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून लोकांच्या घरात न बोलावता शिरले, पाळीपासून पातळ संडासापर्यंत सगळं तोंडावर विचारलं. आता गोड कुठून आणू? तेव्हा वाचणाऱ्यांनी लाडू जरा बाजूला ठेवावा. विषय पिशवीचा आहे.

पिशवी म्हणजे गर्भाशय. पण गर्भाशय हा शब्द आमच्या तालुक्यात फक्त दवाखान्याच्या भिंतीवर सापडतो. बाया पिशवीच म्हणतात. मी मूळची लोणारकडची, सुलतानपूरची. आमचं बोलणं जालन्याकडे झुकणारं. वरवट बकालच्या बाजूला नोकरी लागली तेव्हा इथल्या बाया माझ्या बोलण्याला पदर तोंडाशी धरून हसायच्या. पुढे मलाच इथली बोली इतकी चिकटली की माहेरचे हसायला लागले.

बाहेरच्यांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं. डॉक्टरचं संपतं हो. टाके निघतात, बाई घरी येते आणि तिथून पुढचे दीड-दोन महिने सांभाळायचे असतात. माझ्या रजिस्टरांत बाळंतिणींना रकाना होता, लसींना होता, कुटुंब नियोजनाला तर दोन-दोन होते. पिशवी काढलेल्या बाईला रकाना नव्हता. मी त्यांची नावं माझ्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहायची आणि जमेल तशी चक्कर मारायची.

तऱ्हा काय कमी पाहिल्या! मोठ्या दवाखान्यांत काढलेली पिशवी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात. एका नवरोबांनी तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि आठवडाभर एसटी स्टँडवर दाखवत फिरले. बायको घरात कशी आहे विचारलं तर म्हणाले, "असंल ना बरी, पिशवी त निंगाली." एका मास्तरीणबाईंनी मला कोपऱ्यात नेऊन विचारलं होतं, "सिस्टर, आता मी आतून पोकळ झाले का?" त्या दिवशी मी त्यांना हसून उडवून लावलं. आता वाटतं, शेजारी बसून अर्धा तास द्यायला हवा होता.

पण मूळ दुखणं वेगळंच. बाळंतीण झाली की सासू कितीही खाष्ट असो, सव्वा महिना सुनेला कामाला लावत नाही. बाज मिळते, गरम पाणी मिळतं, डिंकाचे लाडू मिळतात. पिशवी काढलेल्या बाईचं पोट तर चांगलं वीतभर कापलेलं असतं, पण तिच्या कुशीत दाखवायला काही नसतं. टाके निघाले की दुसऱ्या दिवशी हातात बादली. मी घसा कोरडा करून सांगायची की आतले टाके अजून ओले आहेत, वजन उचलू देऊ नका. उत्तर ठरलेलं असायचं, "दवाखान्यातून बरी होऊनच आली ना? मंग?"

मग मी एक युक्ती काढली. दारात पाऊल ठेवताच सासूला सांगायचं, "हिला आता बाळंतीणच समजा. सव्वा महिना." जादू झाल्यासारखं काम झालं. कुणी वाद घालेना. बादली आपोआप दुसऱ्याच्या हातात गेली. आठ-दहा वर्षं मी ही युक्ती चालवली. एका मीटिंगमध्ये साहेबांसमोर सांगून शाबासकीसुद्धा घेतली. त्या टाळ्या आठवल्या की अजून कानशिलं तापतात.

वंदना माझ्या हद्दीतल्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. वय एकोणचाळीस. गर्भाशयात गाठी होत्या, पाळीत इतकं जायचं की दोनदा रक्त चढवावं लागलं. तिचं ऑपरेशन गरजेचंच होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून तिशीतच पिशवी काढून बसलेल्या बायाही मी पाहिल्या, आणि त्यांच्यातल्या एकीलाही मी वेळेवर अडवू शकले नाही.

आमच्याकडे असली ऑपरेशनं उन्हाळ्यात करायची रीत आहे. शेत मोकळं असतं, माणसाचा खोळंबा होत नाही. वंदनाचं मे महिन्यात झालं. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टाके काढून ती घरी आली आणि त्याच दिवशी मी गेले. गेले म्हणजे उंबरठ्यावर उभी राहिले, कारण पुढच्या गावात लसीकरण होतं. तिची सासू गंगाबाई समोर आली. साठीची, सडपातळ, कमी बोलणारी बाई. मी घाईघाईत दोन वाक्यं बोलले, "गंगाबाई, बाळंतीणच समजा. उठू देऊ नका." मला म्हणायचं होतं, कामाला उठू देऊ नका.

मग दहा दिवस माझं जाणं झालं नाही. मध्ये एकदा फोन केला. गंगाबाई म्हणाली, "एकदम बाळंतिनीवानी ठेवली सिस्टर. पाय खाली टेकू देला नाई." मला भरून आलं. अशी सासू सगळ्यांना मिळो म्हणाले आणि डायरीत लिहिलं, प्रकृती ठीक. हे दोन शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिले असतील, त्याला सुमार नाही.

अठराव्या दिवशी त्याच गावात लसीकरण होतं. अकराच्या सुमाराला जरा उसंत मिळाली म्हणून वंदनाकडे वळले. ऊन असं की गल्लीत कुत्रं दिसत नव्हतं. अंगणातच ओव्याच्या धुराचा वास आला. माझ्या मनात आलं, या घरात आता कोण बाळंत झालं?

आतल्या खोलीची खिडकी गोधडीनं बंद केलेली. अंधारात बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. मे महिन्यात! बाजेवर वंदना, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, कानात कापूस, पोट जुन्या लुगड्यानं करकचून बांधलेलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. मला पाहून ती एवढंच बोलली, "सिस्टर, पानी द्या ना."

"पानी मोजूनच देतो," मागून गंगाबाई म्हणाली. "टाक्यात पानी भरते ना."

पायथ्याशी शेवंताबाई बसली होती. गावातल्या सगळ्या बाळंतिणींची मालीश हिच्या हातची. तेलाची वाटी शेजारी ठेवून तिनं वंदनाचा डावा पाय मांडीवर घेतला होता. तो पाय उजव्यापेक्षा दीडपट सुजलेला, पोटरी तकतकीत आणि लालसर. शेवंताबाईनं दोन्ही अंगठे पोटरीवर रोवले.

इथे थोडं समजावून सांगते. माणूस दिवसचे दिवस पडून राहिला आणि अंगात पाणी कमी पडलं, की पायातल्या खोल शिरेत रक्त गोठतं. ऑपरेशननंतर ही भीती जास्त, म्हणून तर दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी बाईला उठवून चालवतात. ती गाठ जागेवर राहिली तर पाय सुजतो. सुटली तर रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते आणि बाई बोलता बोलता जाते. आणि सुटायला फार काही लागत नाही, कुणी जोरात पोटरी चोळली तरी पुरे.

"शेवंताबाई, हात काढा!"

मी इतक्या जोरात ओरडले की तेलाची वाटी कलंडली. शेवंताबाईचे हात हवेतच राहिले.

"काऊन वो सिस्टर?" गंगाबाई पुढे आली. "पायात वात भरला तिच्या. कालपासून दुखून राह्यला. शेवंता मोकळा करून देते. बाळंतिनीले होतेच असं."

"वात नाही हा. रक्त गोठलंय. हिला दवाखान्यात न्यावं लागेल, आत्ता."

मी शेगडी बाहेर सरकवली, खिडकीची गोधडी ओढली, पोटाची पट्टी सोडली आणि वंदनाला घोट घोट पाणी पाजलं. एका हातानं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली म्हणाले. दुसरा फोन तिच्या नवऱ्याला, गजाननला. तो मोटारपंपाच्या सामानासाठी मलकापूरला गेला होता. घाबराघुबरा झाला आणि म्हणाला, "आई म्हनंल तसं करा सिस्टर. मी निंगतोच."

आणि आई काय म्हणत होती? आई म्हणत होती, "आज अठरावा दिवस. सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीन उंबरठा नाई वलांडत. आमच्या घरात आजपावतर झालं नाई. तुमीच त सांगतलं होतं, बाळंतीन समजा म्हनून."

मी समजावत होते, ती मान हलवत होती. तेवढ्यात वंदनानं माझा हात धरला. "सिस्टर, छातीत टोचून राह्यलं. दम पुरत नाई." मी घड्याळ धरून श्वास मोजले. मोजून झाल्यावर आकडा कुणाला सांगितला नाही. गाठीचा एखादा तुकडा सुटला होता, आणि उरलेली गाठ केव्हा सुटेल हे कुणाच्याच हातात नव्हतं.

गाडी दारात आली. ड्रायव्हर स्ट्रेचर काढायला लागला. गंगाबाई दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून.

"बाळंतिनीचं बरंवाईट झालं बाहेर, त मी कोनाले तोंड दाखवू?"

त्या क्षणी मला कळलं की ही बाई माझ्याशी भांडत नाही. ती मीच दिलेला शब्द पाळते आहे. आणि तो शब्द मोडायला माझ्याशिवाय कुणी नाही.

"गंगाबाई," मी म्हटलं, "वंदना बाळंतीण नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलले. हिला शेक नको होता, पट्टी नको होती, झोपवून ठेवायचं नव्हतं. रोज चालवायचं होतं, पोटभर पाणी द्यायचं होतं. नुसतं ओझं उचलू द्यायचं नव्हतं. तेवढंच सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही असं वाटलं, म्हणून खोटं बोलले."

 ती हळूच म्हणाली, "म्हंजे, नुसत्या सुनेले मी आराम देला नसता, असं वाटलं तुमाले?"

 वंदनाचा श्वास सगळ्या खोलीत ऐकू येत होता. तोंड उघडलं ते शेवंताबाईनं. तेलाचे हात पदराला पुसत ती उठली.

"गंगे, सरक. इतक्या वर्सात ह्या बाईनं आपली चूक कबूल केलेली पाह्यली काय तू कधी? आज केली. म्हंजे पोरगी हातची जाऊन राह्यली."

गंगाबाईचे हात चौकटीवरून खाली आले. ती आत गेली आणि बाजेचं उशाकडचं टोक तिनं स्वतः धरलं. वंदनाला पायावर उभं करायचं नव्हतं आणि स्ट्रेचरची चाकं उंच उंबरठ्याला अडत होती. आम्ही चौघांनी बाजेसकट तिला उचललं आणि उंबरठा ओलांडला.

गाडीत ऑक्सिजन लावला. शेगाव मागे पडलं, अकोल्याचा रस्ता लागला. मी वंदनाला बोलतं ठेवत होते आणि तिची नखं बघत होते. नखं निळसर दिसायची, मग वाटायचं उजेडामुळे दिसत असतील, मग पुन्हा निळसर. प्रत्येक गतिरोधकाला मी तिचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवायची. ती मास्कच्या आतून एकच वाक्य परत परत म्हणत होती, "आत्याबाईले काई म्हनू नका." आत्याबाई म्हणजे सासू, गंगाबाई, शेजारीच बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली. गाठ पोटरीपासून मांडीपर्यंत होती आणि एक लहान तुकडा फुप्फुसात पोचला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाय चोळला होता का?" मी म्हटलं, चोळणारच होते. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, आणि वंदनाला काचेच्या दारापलीकडे नेलं.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी धोका टळला म्हणाले. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या. डावा पाय अजून संध्याकाळी जड होतो, म्हणून ती घट्ट मोजा घालते आणि वर साडीच्या काठाशी तो मॅच करत नाही अशी तक्रार माझ्याकडे करते. रक्त जायचं थांबल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी तकाकी आली, ती मी लग्नानंतर तिच्या तोंडावर पाहिली नव्हती. लग्नाकार्याला जाते, तारीख बघून घाबरत नाही. ऑपरेशननं तिला हे द्यायचंच होतं. मधल्या दहा दिवसांत ते माझ्या दोन वाक्यांनी जवळजवळ हिरावून घेतलं.

त्यानंतर बाळंतीण हा शब्द मी या कामात वापरला नाही. जे आहे ते सांगायला लागले, चालवा, पाणी पाजा, ओझं देऊ नका, रोज दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघा. शेवंताबाई तर आता माझ्यापेक्षा कडक झाली आहे. पिशवी काढलेली बाई दिसली की भर रस्त्यात म्हणते, "पोटरी दाखव वं." पण खरं बोलल्यानं सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. बाळंतीण म्हटल्यावर जी घरं मुकाट ऐकायची, त्यातली काही खरं सांगितल्यावर ऐकेनात. काही बायांच्या हातात दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा बादली आली. मी भांडले, काही ठिकाणी जिंकले, बऱ्याच ठिकाणी हरले.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

वंदनाला आत नेल्यावर मी आणि गंगाबाई बाहेर बाकावर बसलो होतो. गजानन अजून वाटेत होता. तासाभरात गंगाबाई चार वेळा उठून संडासाकडे जाऊन आली. दर वेळी बसताना अंगाखाली टॉवेलची घडी घ्यायची. चौथ्या वेळी तिच्या लुगड्यामागचा ओला डाग मला दिसला. मी इतकी वर्षं हेच काम करत होते, आणि मला तो त्या दिवशी दिसला.

"गंगाबाई, काय होतंय?"

"काई नाई वो."

"मला सांगा."

 ती मान खाली घालून म्हणाली, "खोकलली का लघवी सुटते. अंग बी खाली येते. बसाच्या आंधी हातानं वर लोटाव लागते."

"केव्हापासून?"

"माही पिशवी काढली तवापासून. बारा वर्स झाले."

आमच्याकडे कापूस वेचताना बाया कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात. दिवसभर वेचलेला कापूस त्या ओटीत साठतो आणि ते ओझं ओटीपोटावर लोंबत राहतं. गंगाबाईचं ऑपरेशन ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत करावं लागलं होतं, आणि टाके निघाल्यावर पंधराव्या दिवशी ती ओटी बांधून शेतात गेली होती. नुसत्या त्यामुळेच योनिमार्ग असा खाली उतरला असं डॉक्टर म्हणणार नाहीत, बाळंतपणं होती, जन्मभराची ओझी होती. पण तिच्या मनात ते तिथूनच सुरू झालं होतं.

"तेव्हा कुणी नको म्हटलं नाही?"

"नको बी कोनी म्हटलं नाई, जा बी कोनी म्हटलं नाई. कोनी इचारलंच नाई." तिनं टॉवेलची घडी नीट केली. "म्हनून वंदनाले सारं देलं सिस्टर. शेक देला, मालीश देली, लाडू देल्ले. मले जे भेटलं नाई थे सारं देलं. अन् त्यानंच पोरगी मराले टेकली."

मी तिचा हात हातात घेतला आणि रडले. युनिफॉर्ममध्ये मी कधी रडले नव्हते. मला सगळं आठवलं होतं. बारा वर्षांपूर्वी हे गाव माझ्याकडेच होतं. मी तिच्याही घरी गेले होते. ओसरीत उभी राहून विचारलं होतं, "बरं आहे ना?" तिनं मान हलवली होती, आणि मी डायरी उघडली होती.

डोळे पुसून मी उठले. तिला म्हटलं, चला. ती वंदनाला काही झालं असं समजून दचकून उभी राहिली आणि माझ्यामागे आली. मी तिला खालच्या मजल्यावर केसपेपरच्या खिडकीपाशी नेलं. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

गंगाबाईनं सुनेचं नाव सांगितलं.

"तिचं नाही," मी म्हटलं. "तुमचं सांगा."